डोक्यावरचा दोन

शिवयोगीअण्णांचं दुकान नवी पेठेत, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून. दोघांत भिंत एकच. त्यांचं मॅचिंग सेंटर. बाई साडी घेऊन येते, तिच्या रंगाचं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल मागते, आणि दुकानदाराच्या नजरेची परीक्षा सुरू होते. अण्णांच्या बाबतीत ती परीक्षा कधी वाटलीच नाही. ते पदर एकदा उघडून बघत, झाकत, आणि मागच्या कप्प्यात हात घालून एकच ताका काढत. दुसरा काढायची वेळ क्वचित यायची. ओल्या विटेचा, लिंबाच्या सालीचा, शिळ्या आमसुलाचा अशी रंगांची त्यांची स्वतःची नावं होती. ती कापड पाठवणाऱ्या कंपनीलाही ठाऊक नसतील.

वडील लवकर गेले म्हणून दहावीनंतर त्यांची शाळा सुटली आणि ते गल्ल्यावर बसले. घरात कानडी, दुकानात मराठी. बायको शरणम्मा अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मुलगी काव्या पुण्यात नोकरीला. सरळ चाललेला संसार. त्यात भौतिकशास्त्र कुठून आलं, तर एका तक्रारीतून.

एक बाई नेलेलं ब्लाउजपीस घेऊन परत आल्या. "अण्णा, हितं बरोबर जुळलं होतं. घरी गच्चीवर नेलं तर दोन्ही रंग निराळे दिसायलेत." अण्णांनी साडी आणि कापड रस्त्यावर नेलं. खरंच निराळे. आत ट्यूबलाइटखाली आणलं, तर एकच. त्यांनी बाईंना दुसरं कापड दिलं, पण स्वतः ते तुकडे घेऊन दिवसभर आत-बाहेर करत राहिले. मला हाक मारून म्हणाले, "प्रभु, बघ की. डोळा खोटा म्हणायचा का दिवा खोटा?"

मी म्हटलं वाचनालयात विचारा. तिथल्या ग्रंथपालांनी त्यांना प्रकाशावरचं एक पातळसं पुस्तक दिलं, सामान्य वाचकांसाठी लिहिलेलं. अण्णांनी ते गिऱ्हाइकाच्या मधल्या वेळात वाचून काढलं आणि मला उत्तर सांगायला आले. ट्यूबच्या उजेडात काही रंग मुळातच कमी असतात, म्हणून उन्हात वेगळी असलेली दोन कापडं तिच्याखाली एकसारखी दिसू शकतात. सांगताना त्यांचा चेहरा असा होता, की मला वाटलं ह्या माणसाच्या मागं दुकान लागलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे.

मग दहाएक वर्षं ते वाचत राहिले. अणू, तारे, कृष्णविवरं, काळ, मराठीत जे मिळेल ते. फॉल मोजून देता देता ते बायकांना सांगत, "ताई, हे जे तुम्ही बघता ना, ते तुम्ही आठ मिनिटं जुनं ऊन बघता." बायका हसत. पेठेत त्यांना मान होता. कुणाच्या मुलाला शाळेत प्रकल्प असला की तो अण्णांकडे यायचा. शरणम्मावहिनी डबा घेऊन आल्या की म्हणायच्या, "ग्रह-तारे झाले असले तर जेवा की." त्यावरही ते हसायचे. सुखी माणूस होता.

मग विज्ञान दिन आला. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये अण्णांचं भाषण ठेवलं, विषय गुरुत्वाकर्षण. मी पण गेलो होतो. अण्णांनी दुकानातून ताणलं जाणारं अस्तर आणलं, चौघांना चार कोपरे धरायला लावले आणि मधोमध एक लोखंडी वजन ठेवलं. कापडाला खड्डा पडला. मग एक गोटी सोडली. गोटी खड्ड्याभोवती गोल गोल फिरली. टाळ्या पडल्या.

"बघितलंत? सूर्य असा अवकाशाला वाकवतो, आणि पृथ्वी त्या वाकलेल्या..." एवढं बोलून अण्णा थांबले. वजनाकडे बघत राहिले. मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "पण हे वजन खाली का गेलं?"

पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "पृथ्वीनं ओढलं म्हणून."

"तेच की. ओढणं म्हणजे काय हे सांगायला मी कापड आणलं. आणि कापडाला खड्डा पडायला परत ओढणंच लागलं." लोकांना वाटलं, भाषणाचाच भाग आहे. ते पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. कोपरे धरलेल्यांचे हात अवघडले. अण्णांनी माइककडे तोंड केलं आणि म्हणाले, "मला हे माहीत नाही. मला वाटत होतं माहीत आहे." आणि ते खाली बसले. अध्यक्षांनी सावरून घेतलं, शाल आणि नारळ दिला. घरी जाताना तो नारळ अण्णांच्या हातात ओझ्यासारखा लोंबत होता.

हॉलमध्ये धनलक्ष्मी मॅडम होत्या. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या, घरात एकेकाळी चादरीचे माग होते, आता त्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. पुढच्या रविवारी अण्णा मला म्हणाले, "मला मॅडमच्या घरी सोड." त्यांनी स्वतःची गाडी हल्ली बंद केली होती. रहदारी वाढलीय, बाजूनं कोण कधी घुसेल कळत नाही, म्हणायचे.

मॅडमनी चहा दिला आणि विचारलं, "अण्णा, एक दगड सरळ वर फेकला. अगदी वर पोचला, क्षणभर थांबला. त्या क्षणी त्याचं त्वरण किती?"

"शून्य."

"का?"

"थांबलाय की."

"थांबलाय म्हणजे वेग शून्य. त्वरणही शून्य असतं, तर तो तिथंच राहिला असता. खाली कशाला आला असता?"

अण्णांनी हातातला कप न पिताच बशीत ठेवला. मॅडमना वाईट वाटलं असावं. "अकरावीतली निम्मी मुलं हेच सांगतात," त्या म्हणाल्या.

"त्यांनी दहा वर्षं वाचलेलं नसतं, मॅडम."

"तुम्ही वाचलं ते खोटं नाही, अण्णा. पण ती पुस्तकं म्हणजे गावाला जाऊन आलेल्या माणसानं सांगितलेली हकीकत. तुम्ही अजून एसटीत बसलाच नाहीत."

"बसायला काय लागतं?"

"गणित."

अण्णांनी तिथल्या तिथं शिकवायची विनंती केली. मॅडम आधी नको म्हणाल्या, मग रविवार ठरला. अकरावीचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून त्या स्वतः मराठीत पानं लिहून द्यायच्या, सूत्रं तेवढी इंग्रजी अक्षरांत. ती पानं मी झेरॉक्स करून द्यायचो, म्हणून मला हे सगळं ठाऊक.

पहिल्या महिन्यातच अण्णांचा चेहरा उतरला. गणितं सुटत नव्हती. पडणाऱ्या दगडाला किती वेळ लागेल, गाडी ब्रेक दाबल्यावर किती लांब जाऊन थांबेल, असली सोपी गणितं. पद्धत कळायची, उत्तर चुकायचं. कधी उणे चिन्ह गळायचं, कधी आकडाच सुटायचा. ते परत करायचे, परत चुकायचे. एका दुपारी माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "मी मठ्ठ आहे रे प्रभु. दहा वर्षं उगाच मिरवलं. आत काहीच नव्हतं." मी म्हटलं वयाचा परिणाम असेल. ते म्हणाले, "वय नाही. मुळातच नाही." हे बोलताना त्यांचा आवाज इतका सपाट होता, की मला भीती वाटली.

नंतरच्या रविवारी मी त्यांना आणायला गेलो तेव्हा मॅडम जरा चिडलेल्या होत्या. "अण्णा, तुम्ही प्रत्येक वेळी एकच चूक करताय. टीचा वर्ग कुठं गेला?"

"कुठला वर्ग?"

"हा काय. डोक्यावरचा दोन."

अण्णा कागदावर वाकले. कागद डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, मान तिरकी केली. "हा, आत्ता आला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवू नका." त्यांनी आपला हात बाजूला उंच धरला. "किती बोटं?"

"कुठं?" अण्णा म्हणाले.

डॉक्टरांकडेही मीच नेलं. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, खूप पुढं गेलेला. अण्णांनी विचारलं, "इतकं होईपर्यंत मला कळलं कसं नाही?" डॉक्टर म्हणाले, "यात दुखत नाही. मधलं दिसत राहतं आणि कडेचं जात राहतं. मधेच एखादं भोक पडलं तरी आजूबाजूचं घेऊन मेंदू ते बुजवून टाकतो. माणसाला वाटतं सगळं दिसतंय." गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं जपायचं. डोळ्यांत थेंब आयुष्यभर, एक दिवसही चुकवायचा नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू, म्हणजे दाब कमी राहील.

"किती काळ राहील?" अण्णांनी विचारलं.

"तसं सांगता येत नाही."

परतताना सात रस्त्याच्या चौकात सिग्नलला मी गाडी थांबवली तेव्हा ते मागून म्हणाले, "म्हणजे मठ्ठ नव्हतो."

मला वाटलं थोडं हलकं झालं असेल. पण पुढं म्हणाले, "मठ्ठ असतो तर बरं होतं. मठ्ठाला वेळ तरी असतो."

तिथून तो माणूस बदलला. सकाळी शटर उघडलं की गिऱ्हाइकाकडे बघायच्या आधी पान पुढ्यात. जेवताना पान. कुणी रंग विचारला तर चिडायचे. मी आपला एक उपाय काढला. मॅडमची पानं मोठ्या कागदावर दुप्पट करून दिली, ठळक, काळीभोर. अण्णांनी बघितलं आणि परत माझ्यापुढं ठेवलं. "लहान कर, प्रभु. माझी खिडकी एवढीशी राहिलीय. अक्षर मोठं केलंस तर तिच्यातून एकच अक्षर मावतं. आधी निदान अर्धी ओळ तरी मावत होती." मग मी पानं लहान करायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी अंधूक दिसतंय म्हणून लहान अक्षर मागत होतं.

रंगही फिके पडत चालले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लग्नसराईत एक नवरीची आई शालू घेऊन आली. अण्णांनी हिरव्या काठाला निळं काढलं. बाई म्हणाली, हे नव्हे. त्यांनी दुसरं काढलं, तेही निळंच. "अण्णा, तुमाला बरं न्हाय का?" बाईनं काळजीनं विचारलं. शरणम्मावहिनी डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या चपला काढून आत आल्या, कप्प्यातून हिरवा ताका काढला आणि फळीवर उलगडला. अण्णा बाजूला झाले. दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर वहिनी बसायला लागल्या.

काव्या पुण्याहून आली. तिनं मोबाईलवर वाचून दाखवणारी सोय करून दिली. गोष्टीसारखा मजकूर मोबाईल बरा वाचायचा, पण मॅडमच्या हातानं लिहिलेलं त्याला वाचता येईना आणि छापील सूत्र आलं की तो काहीतरी बरळायचा. काव्या म्हणाली, "अप्पा, तुम्हाला आता परीक्षा द्यायचीय का? जीवाला एवढा त्रास कशाला?"

अण्णा म्हणाले, "तू इंजिनिअर झालीस. तू कधी एकदा तरी विचारलंस का, की हे असंच का?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांना ते दिसलं नाही. वहिनींनी तिला आत नेलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठीक झालं. पण डावा घसरत गेला. मग वाचून दाखवायचं काम वहिनींवर आलं. त्यांना मराठी अक्षर वाचता येतं, पण कानडीच्या चालीनं, अडखळत. इंग्रजी अक्षरं बिलबुकावरून ओळखीची. बाकीच्या खुणा त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. अण्णांच्या हट्टानं मॅडमची पानं तोवर प्रकाशाच्या वेगापर्यंत पोचली होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भिंतीपलीकडून मला त्यांचं वाचन ऐकू यायचं.

"एक मोटं छप्पर हाय. छपराखाली एक. मग आडवी रेघ, लहान."

"उणे. पुढं?"

"मग वर व्ही, खाली सी, मधी रेघ. दोगांच्या डोक्यावर दोन."

"दोघांच्या? नीट बघ. दोघांच्या की एकाच्या?"

"दोगांच्या की. मला काय डोळे न्हाईत का?"

हे वाक्य तोंडून गेल्यावर वाचन थांबलं. मीही माझं मशीन थांबवलं.

असं कितीतरी दिवस चाललं. वर्गमुळाला त्या छप्पर म्हणत, त्रिकोणाला डोंगर, पोटात काडी असलेला शून्य, म्हणजे थीटा, आला की "काडीचं वांगं". अण्णांना ती भाषा पाठ झाली. पण चिन्ह कळलं तरी अख्खं सूत्र डोक्यात धरून ठेवणं हे निराळं काम. वहिनी ओळ वाचून पुढं जायच्या, तोवर आधीची ओळ अण्णांच्या हातून सुटलेली असायची. "परत." त्या परत वाचायच्या. "परत." एकदा गिऱ्हाईक आलं म्हणून त्या उठल्या, आणि परत आल्यावर त्यांनी दोन ओळी उलट्या क्रमानं वाचल्या. अण्णा त्या ओळींवर अर्धी दुपार धडपडले. चूक सापडली तेव्हा त्यांनी ती सगळी पानं हिसकावून घेतली आणि चुरगाळली. "तुला एवढं पण जमत नाही."

वहिनी कानडीत म्हणाल्या, "साकु." पुरे, एवढंच. आणि ब्लाउजपीसांच्या घड्या घालत बसल्या.

त्यानंतर अण्णांनी पानं मागणं सोडलं. मॅडमना निरोप दिला, काही दिवस नको. घरातली दहा वर्षांची पुस्तकं त्यांनी माझ्या दुकानात आणून ठेवायला लावली आणि म्हणाले, कुणाला हवी त्याला दे. मी ती तशीच कपाटावर टाकली. ते दुकानात मागच्या स्टुलावर बसून राहायचे. बोललं तर हो, नाही. मी शेव पुढं केली तरी घ्यायचे नाहीत, चहाही नाही. गिऱ्हाईक नमस्कार करायचं, तर कुठल्या बाजूनं आवाज आला ते बघायलाही मान वळवायचे नाहीत.

कळायला आम्हाला उशीर झाला. वहिनींना एक दिवस औषधांच्या डब्यात थेंबांच्या बाटल्या दिसल्या, नव्या, सील न फोडलेल्या. आधीच्या महिन्याच्या, त्याच्याही आधीच्या. अण्णा आपले आपण थेंब घालतो म्हणायचे, आणि आत जाऊन नुसतं तोंड धुऊन यायचे.

त्या तशाच बाटल्या घेऊन दुकानात आल्या. दुपारची वेळ होती. भिंतीपलीकडून मी ऐकलं, ऐकू नये असं वाटत असतानाही.

"हे काय?"

बाटल्या फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

"मी विचारायले. हे काय हाय?"

"जायचंच आहे तर जाऊ दे की लवकर. रोज थोडं थोडं कशाला? सकाळी उठलो की काल दिसत होतं त्यातलं आज काय गेलं ते शोधत बसायचं. मला नको झालंय, शरणम्मा."

"तुमाला नको झालंय. मला विचारलं का? तुमी आंधळे झाला की दुकान कोण बघणार, मी. तुमाला रस्ता कोण ओलांडून देणार, मी. तुमी ठरवलं आणि माझं आयुष्य पण ठरवून टाकलं. एका शब्दानं विचारलं न्हाय."

मग अण्णांचा आवाज आला, पण तो रडण्याचा होता. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

थेंब परत सुरू झाले. वहिनी स्वतः घालायला लागल्या, मान मागे धरून, लहान मुलासारखं. पण मधे जे महिने गेले, ते त्या थेंबांना परत आणता येईना. डॉक्टर रागावले नाहीत, नुसती फाईल मिटली. डाव्या डोळ्यात उजेड-अंधार एवढंच राहिलं. उजव्यात थोडं, नळीतून बघावं तसं. आणि तेही काही महिन्यांत धुरकटत गेलं. आता अण्णांना माणूस समोर आहे एवढं कळतं. कोण आहे ते आवाजावरून.

धनलक्ष्मी मॅडम आपण होऊन दुकानात आल्या. त्यांच्या हातात थर्माकोलचा तुकडा होता. दुकानातल्याच टाचण्या आणि दोरा मागून घेतला, टाचण्या थर्माकोलात टोचून दोऱ्याचा त्रिकोण केला. अण्णांचा हात धरून त्यांनी तीन टाचण्यांवर बोट फिरवलं. "ही गाडीची जमीन. ही गाडीचं छत. गाडी जोरात चाललीय, जेऊर स्टेशनला न थांबता. आत एक माणूस जमिनीवरून छताकडे प्रकाश सोडतो. त्याला तो सरळ वर गेलेला दिसतो. आता तुम्ही जेऊरच्या प्लॅटफॉर्मवर उभे आहात. तुम्हाला तो कसा दिसेल?"

अण्णांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. "तिरका. गाडी पुढं गेली असंल की तोवर."

"मग कुणाचा दोरा लांब?"

"माझा."

"प्रकाशाचा वेग दोघांना एकच."

अण्णांचं बोट थांबलं. गिऱ्हाईक आलं तरी वहिनी उठल्या नाहीत. अण्णा टाचण्यांवरून बोट फिरवत राहिले, सरळ दोरा, आडवा दोरा, तिरका दोरा. मग हळूहळू बोलायला लागले. काटकोन त्रिकोण आहे. तिरक्याचा वर्ग म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज. सीचा, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा, वर्ग कुठं जातो, व्हीचा, म्हणजे गाडीच्या वेगाचा, वर्ग कुठं, ते एकेक पाऊल सांगत गेले. मधे एकदा अडकले, मागे आले, पुन्हा गेले. मॅडमच्या हातात पेन होतं, त्या ऐकत लिहीत होत्या. शेवटी अण्णा म्हणाले, "छपराखाली एक उणे व्हीचा वर्ग भागिले सीचा वर्ग. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाचा वेळ जास्त. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

"कुणी सांगितलं म्हणून बरोबर नाही ना?"

"नाही. तुम्ही काढलंत म्हणून."

अण्णांनी थर्माकोल मांडीवर घेतला. त्या दिवशी त्यांनी चहा मागितला.

पण पुढच्याच खेपेला त्यांनी विचारलं, "आणि ते अवकाश वाकणं? ते कधी?"

मॅडमनी खोटं बोलायचं टाळलं. "अण्णा, ते गणित मी स्वतः अर्धवट शिकले. तिथं एका ओळीत पानभर चिन्हं असतात. ते तोंडी मला शिकवता येणार नाही. आणि त्याच्या आधी अजून खूप आहे."

"किती वर्षांचं?"

"डोळे असलेल्या मुलांना पाच-सहा."

"बरं," अण्णा म्हणाले. त्या बरं म्हणण्यात काय होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. पुढचे काही आठवडे वाईट गेले. ते परत स्टुलावर गप्प बसले. वहिनी थेंब घालायच्या, ते मान मागे करायचे, बस. मला एकदा म्हणाले, "ते गाव मला आता दुरून पण दिसणार नाही, प्रभु. आणि आधी दिसत होतं म्हणत होतो, तेही खरं नव्हतं."

तरी त्यांनी पूर्ण सोडलं नाही. का, ते मला विचारू नका. वहिनींनी पण विचारलं नाही. एका सकाळी त्यांनी मॅडमना फोन लावायला सांगितला आणि फिरणाऱ्या वस्तूंचा धडा मागितला. दाराची कडी बिजागरीपासून लांब का असते, तिथून सुरू होणारा. मॅडम पानं पाठवतात, वहिनी वाचतात. जे शिकलं ते रोज म्हणावं लागतं, नाहीतर जातं. वहिनी शटर वर ढकलत असतात आणि अण्णा पायरीवर उभं राहून पुटपुटत असतात. कधी मधलीच एखादी पायरी निसटलेली असते, आणि ती निसटलीय हे त्यांना संध्याकाळी कळतं. मग ते डोक्यावर हात मारून घेतात, जोरात. वहिनी तो हात धरून ठेवतात.

परवाची गोष्ट. पेठेत लग्नाची गर्दी, वहिनींना मान वर करायला फुरसत नाही. अण्णांनी भिंतीवर थाप मारली. मी गेलो. ते एक पान माझ्यापुढं धरून म्हणाले, "एवढी एक ओळ वाच."

मी वाचली. "एफ, मग टिंब, मग आर."

"टिंब कुठं आहे? मधोमध की खाली?"

मी पान उजेडाकडे धरलं. टिंब मधोमध होतं खरं, पण माझ्या मशीनची काच हल्ली डाग सोडते. त्या पानावर असे बरेच ठिपके होते. "अण्णा, हे टिंब आहे की झेरॉक्सचा डाग, मला कळत नाही."

"टिंब असलं तर गुणाकार वेगळ्या जातीचा. नसलं तर साधा."

"मूळ पान बघू का?"

"मूळ मॅडमकडे आहे."

मी मॅडमना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. कॉलेजात असतील. पलीकडे वहिनी दोन बायकांना एकाच वेळी हिरवे ताके दाखवत होत्या. अण्णांनी पान माझ्या हातून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं, जणू ती बोटाला लागणार होती.

"परत लावतो थोड्या वेळानं," मी म्हणालो.

"लाव," ते म्हणाले. "मी हितंच आहे."

माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी गेलो.